यंदाचं वाण

शिवणाचं मशीन दिवाणखान्यात कुठे ठेवायचं, यावरून सकाळपासून वसुधेचा जीव मेटाकुटीला आला होता. खिडकीपाशी ठेवलं तर फोटोत उजेड मागून येईल, असं चित्राताईंनी फोनवर बजावलं होतं. दाराशी ठेवलं तर येणारी प्रत्येक बाई त्याला अडखळणार. शेवटी ते शोकेसच्या बाजूला, सासूबाईंच्या फोटोखाली स्थिरावलं. वसुधेने त्याला लाल रिबीन बांधली, मग सोडून पुन्हा बांधली, कारण पहिली गाठ लग्नाच्या आहेरासारखी दिसत होती. हा काही आहेर नव्हता. ही मदत होती.

कल्पना तिचीच होती आणि ती चांगली होती, हे तिच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. चंदीगडच्या मराठी मंडळातल्या बायका दर संक्रांतीला एकमेकींना स्टीलच्या वाट्या नाहीतर प्लॅस्टिकच्या गाळण्या लुटत. सेक्टर पंधरातून दिलेली गाळणी पुढच्या वर्षी सेक्टर चोवीसात दुसरीच कुणीतरी हसतमुखाने परत देई. एवढ्या शिकल्यासवरल्या बायका आपण, काय हा बावळटपणा, असं वसुधेने मंडळाच्या बैठकीत म्हटलं. यंदा सगळ्यांनी मिळून वाण एकच घ्यायचं आणि ते एकाच बाईला द्यायचं. जिला खरी गरज आहे, अशा बाईला. टाळ्या पडल्या होत्या. चित्राताई एअर फोर्समधल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. कुणाच्या कल्पनेला सहसा चांगलं म्हणत नसत, पण त्यांनीही 'वा' म्हटलं आणि कॅमेरा आणायचं कबूल केलं.

ती बाई म्हणजे कमलेश. आपल्याकडे हे पुरुषाचं नाव, इकडे बायकांचं. वसुधेला त्याची आधी गंमतच वाटायची. कमलेशचा नवरा ओमप्रकाश वसुधेच्या नवऱ्याच्या, डॉक्टर कृष्णकांत उपासनींच्या, वॉर्डात ड्रेसर होता. गेल्या उन्हाळ्यात गावाहून परत येताना अतिरेक्यांनी त्याची बस थांबवून गोळ्या झाडल्या. ज्या वॉर्डात तो लोकांच्या जखमा बांधायचा तिथेच त्याला आणलं, आणि कृष्णकांत रात्रभर त्याच्याजवळ उभा राहूनही उपयोग झाला नाही. तसल्या बातम्या त्या दिवसांत रोजच पेपरात येत, आणि रोजच्या झाल्यामुळे त्या वाचून होईतो कुणाचा चहा निवत नसे. पण ओमप्रकाश पेपरातला नव्हता. दिवाळीला तो उपासनींच्या घरी बर्फीचा डबा घेऊन यायचा.

"अहो, मी हे मंडळासाठी करतेय असं नका हं समजू," वसुधा त्या सकाळी कृष्णकांतला म्हणाली. "मला खरंच वाटतं त्या बाईबद्दल."

"मी काही म्हटलं का?" कृष्णकांतने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं. "पैसे पुरले ना? मग झालं तर. मी मात्र पाचनंतरच येईन, तुमच्या बायकांत मला नको."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरातल्या पुरुषाने बाहेर राहायचं, हे तो लग्नापासून पाळत आला होता. पैसे देऊन बाहेर पडणं त्याला एकूणच सोयीचं वाटे.

*

स्वयंपाकघरात सुमन तिळाचे लाडू वळत होती. पाक जरा पुढे गेला होता आणि तळहात भाजत होते, पण थांबली तर सगळंच कडक झालं असतं.

सुमन कृष्णकांतची थोरली बहीण. लग्नाच्या चौथ्याच वर्षी तिचा नवरा गेला होता. आई असेतो ती नाशकात आईजवळ राहिली. आई गेल्यावर कृष्णकांत स्वतः जाऊन तिला इकडे घेऊन आला. "ताई आमच्याकडेच असते," असं तो लोकांना सांगे. वसुधा सांगे, "वन्संना आम्ही ठेवून घेतलंय." दोन्ही वाक्यं प्रेमाचीच होती. तरी दुसरं कानावर पडलं की सुमन पानातला भात जरा कमी वाढून घ्यायची. तिला कुणी कमी वाढलं नव्हतं, हे इथे सांगितलंच पाहिजे. साड्या, औषधं, दर उन्हाळ्याला नाशिकचं तिकीट, सगळं वेळच्या वेळी मिळे. प्रत्येक वेळी तिला 'कशाला गं' म्हणावं लागे आणि वसुधेला 'असू द्या हो वन्सं' म्हणायला मिळे.

ती कल्पना वसुधेने पहिल्यांदा घरात सांगितली तेव्हा सुमन अशीच ओट्यापाशी उभी होती, आणि तिच्या लगेच लक्षात आलं होतं. वाण नुसतं देता येत नाही. आधी हळद लावायची, कुंकू लावायचं, मग हातात वाण ठेवायचं. आणि बाई तर आपल्यासारखी.

"अगं वसुधा," तिने तोंड उघडलं होतं.

"हो, ते विचारायचंच राहिलं," वसुधा घाईत म्हणाली होती. "वन्सं, त्या दिवशी तुम्ही आतलं सगळं बघाल ना? नेहमीसारखं?"

सुमनने तोंड मिटलं. होऊ दे मग, तिच्या मनात आलं. चारचौघींत होऊ दे. तेव्हापासून ती रोज सांगायचं ठरवत होती आणि रोज सांगत नव्हती. आता लाडू वळताना तिला धास्ती वाटत होती. पण त्यात थोडी उत्सुकताही होती, हे तिचं तिला कळत होतं.

*

संध्याकाळी रस्त्यांवर पोलिसांचे नाके लागायच्या आत सगळ्यांना घरी पोचता यावं, म्हणून चंदीगडचं हळदीकुंकू भर दुपारी तीनला असे. कमलेश त्याच्याही आधी आली, जवळच्या खरड गावाहून बस पकडून. फिक्या बदामी रंगाची सलवार-कमीज, नीट इस्त्री केलेली. हातात कापडी पिशवी.

"लोहड़ी थी ना कल," ती पिशवी पुढे करत म्हणाली. "खाली हाथ कैसे आती, बहन जी."

"अरे, इसकी क्या जरूरत थी!" वसुधेने पिशवी घेतली आणि न उघडता फ्रिजवर ठेवली. मग तिने कमलेशला मधल्या खुर्चीत बसवलं, मशीनच्या अगदी शेजारी, जिथून फोटो चांगला येणार होता.

बायका जमल्या. पैठण्या आणि शाली, आणि शालीखाली स्वेटर, कारण थंडीपुढे पैठणीचं काही चालत नव्हतं. प्रत्येक जण कमलेशकडे पाहून जरा जास्तच गोड हसत होती. कमलेशही हसत होती. तिला बोललेलं काही कळत नव्हतं, पण इतक्या दिवसांनी बायकांच्या गलक्यात बसल्याचं तिला बरं वाटतंय, हे दिसत होतं. शेजारणीच्या नथीला बोट लावून तिने विचारलंसुद्धा, "ये दुखती नहीं?" सगळ्या हसल्या.

वसुधा तबक घेऊन उठली. सतरा वर्षांची लीना अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन आईच्या मागे होती. तिला मराठी सगळं समजे, पण बोलायला लागली की हिंदीच तोंडात येई. एकेकीच्या कपाळाला हळद, मग कुंकू, मनगटाला अत्तर, हातात तिळगूळ. रांग पुढे सरकत होती. कमलेश लक्ष देऊन पाहत होती, आणि तिच्या शेजारणीचं झालं तसं तिने डोक्यावरची ओढणी मागे सारली, कपाळावरचे केस बाजूला केले, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

वसुधेचं बोट कुंकवात होतं.

लावायचं नाही, असं तिने ठरवलं नव्हतं. खरं तर तिने काहीच ठरवलं नव्हतं. मशीनची कंपनी, रिबिनीचा रंग, फोटोची जागा, सगळ्याचा विचार झाला होता आणि हा एवढाच राहून गेला होता. आता ते बोट वर उचलेना. तिला सगळ्या खोलीचे डोळे आपल्या बोटावर आल्यासारखे वाटले. चित्राताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला होता. "वसुधा, थांब हं, अश्शी थांब," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण कॅमेरा हळूच खाली आला.

वसुधा पुढच्या बाईकडे सरकली.

कमलेश डोळे मिटून तशीच वाट पाहत राहिली.

"मम्मी, आंटी रह गईं," लीना म्हणाली.

"लीना, आत जा."

"पर मम्मी, आपने आंटी को..."

"आत जा म्हटलं ना!"

कमलेशने डोळे उघडले. तिने शेजारणीच्या कपाळाकडे पाहिलं, मग पलीकडच्या, मग सगळ्या रांगेकडे. तिला समजायला फार वेळ लागला नाही.

"अच्छा," ती म्हणाली. "विधवा को नहीं लगाते."

"नहीं नहीं, वैसा नहीं," वसुधेचं हिंदी ऐन वेळी तुटून पडलं. "वो हमारे में जरा... आपके लिए तो ये मशीन है ना. खास आपके लिए. सब ने मिलके..."

"हमारे यहां भी नहीं बुलाते जी," कमलेश म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. चुकीच्या थांब्यावर उतरलेलं माणूस बोलतं तसं ती बोलत होती. "ब्याह में नहीं, लोहड़ी पे नहीं. मैंने सोचा, आपके लोगों में बुलाते होंगे."

त्याच वेळी सुमन मसाला दुधाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. कमलेशची नजर तिच्याकडे गेली, तिच्या मोकळ्या कपाळावर क्षणभर थांबली, आणि कमलेशने तिला हात जोडले. त्या खोलीत ओळखीचं माणूस तेवढं तेच असल्यासारखे. सुमनच्या दोन्ही हातांत ट्रे होता. तिला उलट हात जोडता आले नाहीत, आणि ट्रे खाली ठेवावा एवढंही तिला सुचलं नाही.

"अंधेरा हो जाएगा," कमलेश उठली. "मशीन का बहुत शुक्रिया जी. बस में नहीं चढ़ेगी."

ती गेली. मग बाकीच्याही एकेक करून उठल्या, अंधार पडायला अजून बराच अवकाश असताना. उखाणे झाले नाहीत. मसाला दूध तसंच राहिलं, आणि त्यावर साय धरली.

*

कृष्णकांत आला तेव्हा मशीन रिबिनीसकट शोकेसपाशीच होतं.

"हे अजून इथे कसं?" त्याने विचारलं. लीनाने त्याला सगळं सांगितलं, हिंदीत, भरभर, आईकडे न पाहता.

कृष्णकांत कोट न काढता खाली बसला. "मीच म्हटलं होतं तिला," तो म्हणाला. "वॉर्डात आली होती कागदांवर सही घ्यायला. म्हटलं, जाओ, घर की बात है."

"मग मी काय करायला हवं होतं?" वसुधेचा आवाज फुटला. "लावायला हवं होतं? एवढ्या बायकांसमोर? उद्या त्याच म्हणाल्या असत्या, उपासनीबाईंना काही रीतभात नाही. मी चांगलं करायला गेले हो. सगळ्या वर्गणीसाठी मी दारोदार फिरले. तुम्ही नुसते पैसे देऊन मोकळे होता, तुम्हाला काय कळतंय!"

"बरोबर आहे," तो म्हणाला. एवढं चटकन बरोबर म्हटल्यामुळे वसुधेला आणखीच रडू आलं.

"वन्सं, तुम्ही तरी सांगा ह्यांना. आणि तुम्हाला तरी हे आधी सुचायला हवं होतं की नाही? तुम्ही घरातच होता, तुम्हाला हे सगळं..." ती अडखळली.

"सुचलं होतं," सुमन म्हणाली.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दिवाणखान्यात येऊन बसायची सवय तिला त्या दिवशीपुरती तरी नव्हती.

"कधी?"

"तू पहिल्यांदा बोललीस ना, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

सुमनने पदराला हात पुसले, ते कोरडे असूनही. "तुझी फजिती व्हावी असं वाटलं मला, वसुधा. चारचौघींत. मी तुझी बघायला बसले होते, आणि झाली तिची."

वसुधा तिच्याकडे बघतच राहिली.

"ताई," कृष्णकांत म्हणाला, "दर वर्षी त्या दिवशी तू आतच असतेस?"

"मग कुठे असणार?"

"मला माहीत नव्हतं."

"तू घरात नसतोस ना, बाबा," सुमन म्हणाली. तिने हे समजुतीने म्हटलं, आणि तेच त्याला जास्त लागलं. "तिला निदान बोलावलं तरी. मला तर इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नाही, की नुसती येऊन बस."

लीनाला फ्रिजवरची पिशवी दिसली. तिने ती काढून उघडली. गजक, रेवड्या, शेंगदाणे, आणि तळाशी तपकिरी लोकरीचा मफलर, घरी विणलेला. "पापा, ये आपके लिए होगा," ती म्हणाली. कृष्णकांतने मफलर हातात घेतला आणि घडी न मोडता तसाच मांडीवर धरून बसला. सुमन जेवायला वाढते म्हणेपर्यंत तो उठला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधा आणि सुमन खरडच्या बसमध्ये बसल्या. गाडीने सोडतो, असं कृष्णकांत म्हणाला होता. सुमनने नको म्हटलं. मशीन घेऊन जाऊ, असं वसुधा म्हणाली होती. त्यालाही सुमनने नको म्हटलं. मग वसुधेने मिठाईचा डबा घेतला आणि मांडीवर धरून ठेवला. सेक्टर एकोणचाळीस मागे पडलं आणि धुक्यात गव्हाची शेतं लागली. वसुधेने खिडकीची जागा सुमनला दिली होती.

कमलेशची खोली एका लोहाराच्या दुकानावर होती. दार उघडून ती क्षणभर नुसतीच पाहत राहिली, मग "आओ जी, आओ" म्हणून तिने खाटेवरची रजई झटकली.

खोलीत दोन शिवणाची मशिनं होती. एकावर देवांचे फोटो मांडले होते, दुसऱ्यावर गॅसची शेगडी. वसुधेची नजर तिथेच खिळली.

"एक दफ्तर वालों ने दी, एक मंदिर वालों ने," कमलेश म्हणाली आणि तिला हसू आलं. "मुझे सिलाई आती ही नहीं जी. सीखूंगी कभी."

वसुधा बसमध्ये मनातल्या मनात जुळवलेली वाक्यं एकदम विसरली. "कल मुझसे बहुत गलती हुई," ती म्हणाली. "मुझे शरम आती है. रात भर..."

"चाय ठंडी हो रही है, बहन जी," कमलेश म्हणाली.

तिने माफ केलं म्हटलं नाही, नाही केलं असंही म्हटलं नाही. चहानंतर तिने मक्याच्या रोट्या थापल्या आणि साग वाढलं. तिला खर्चात टाकायला नको म्हणून वसुधा घरून पोटभर खाऊन निघाली होती. तरी तिला दोन रोट्या खाव्या लागल्या, आणि वर लोण्याचा गोळा. सुमन आणि कमलेश काहीबाही बोलत होत्या, अर्ध्या खुणांनी. तुझा नवरा कधी गेला, असं कमलेशने विचारलं. भावाच्या घरात सुमनला हे विचारणारं कुणी कधी भेटलं नव्हतं. सुमन सांगत राहिली. वसुधेने त्यातलं बरंचसं पहिल्यांदाच ऐकलं.

निघताना कमलेशने ट्रंक उघडली. तिच्या हातात दहाच्या दोन नोटा होत्या, आणि गुळाचे दोन खडे.

"पहली बार आए हो," ती वसुधेसमोर येऊन म्हणाली. "हमारे यहां ऐसे नहीं भेजते."

वसुधेचा हात झटकन मागे गेला. "नहीं नहीं! ये कैसे? हम आपसे कैसे ले सकते हैं? आप तो खुद..."

कमलेशचा हात तसाच पुढे राहिला. तिच्या चेहऱ्यावर काल डोळे उघडल्यावर आलं होतं तेच हळूहळू येऊ लागलं.

"घे, वसुधा," सुमन हलकेच म्हणाली. "पुन्हा नको थांबूस."

वसुधेने तळहात पुढे केला. जन्मभर तिचा हात देताना वरच राहिलेला. असा उताणा धरायचा म्हणजे मान आपोआप खाली जाते, हे तिला माहीत नव्हतं. कमलेशने नोट ठेवली, वर गुळाचा खडा ठेवला आणि तिची मूठ आपल्या हातांनी मिटवली.

मग ती सुमनकडे वळली. सुमनने हात पुढे केलाच नाही. तिने पदराचं टोक दोन्ही हातांनी पसरून धरलं, ओटी घेताना बायका धरतात तसं. आपण काय करतोय, हे तिच्या ध्यानातही आलं नसावं. कमलेशला त्या पद्धतीची काही कल्पना नव्हती. तिला एवढंच दिसलं, की समोर पदर पसरलेला आहे. तिने नोट आणि गूळ त्यात टाकला.

परतीच्या बसमध्ये सुमन पदराचं ते टोक गाठ मारून मुठीत घट्ट धरून बसली होती. वसुधेला काहीतरी बोलायचं होतं. पुढच्या वर्षीचं काहीतरी. पण पुढच्या वर्षीचं आताच बोलून मोठेपणा घेण्याची तिला लाज वाटली.

मोहालीच्या अलीकडे नाक्यावर बस थांबली. एक शिपाई चढला, सीटांखाली वाकून पाहत, पिशव्या दाबून बघत पुढे आला आणि सुमनपाशी थबकला.

"माताजी, पल्ले में क्या है?"

सुमनने गाठ सोडून दाखवली. दहाची नोट, आणि चिकट झालेला गुळाचा खडा.

"ये क्या है?"

"वाण आहे," सुमन म्हणाली.

शिपायाला काही समजलं नाही. त्याने शेजारी बसलेल्या वसुधेकडे पाहिलं. वसुधेला त्याला हिंदीत सांगता आलं असतं. तिने नुसती आपलीही मूठ उघडून त्याच्यापुढे धरली, तशीच नोट, तसाच गूळ.